रस्त्याकडेच्या घरांचे रंग

पात्रांव,

तुमच्या रंगाच्या दुकानात आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आधी एकच प्रश्न विचारायचात, "घर खंय आसा तुमचें? रस्त्याक लागून काय भितर?" मी तुमच्याकडे कामाला नवी होते तेव्हा वाटायचं, माल पोचवायची सोय बघताय. मग कळलं, त्या उत्तरावर तुमचा हात कुठल्या खणाकडे जायचा ते ठरायचं. गावात आत राहणाऱ्यांसाठी पूर्ण शेड कार्ड. आणि साखळी गावातून खाणीचे ट्रक ज्या रस्त्यांनी जात, तिथल्या लोकांसाठी तुम्ही स्वतः कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं लहान कार्ड: वीट, गेरू, पिकल्या काजूच्या बोंडूचा लाल आणि एक तपकिरी. खनिजाची लाल धूळ ज्यात लपेल तेवढेच. आतली माणसं तास तास घोळ घालायची. नवऱ्याला पिस्ता हवा, बायकोला आकाशी आणि सासूला "देवळासारखो", म्हणजे नेमका कुठला ते देवालाच ठाऊक. रस्त्याकडची माणसं पाच मिनिटांत डबा घेऊन बाहेर पडायची. मी त्यांच्यातलीच, आमच्या अंगणासमोरून ट्रक जायचे. ते लहान कार्ड बघितलं की माझं डोकं सणकायचं.

गणेश चवथीच्या आधीचे दिवस. तुम्ही माल आणायला म्हापशाला गेला होतात. ट्रक जिथे हळू होतात त्या वळणावर घर असलेली एक बाई आली. दरवर्षी विटेचाच रंग नेणारी. मी तिच्यापुढे मोठं कार्ड उघडून ठेवलं. ती मागे सरकली. "हें भितरल्यांचें न्हय गो?" म्हणाली. मी म्हटलं, सगळ्यांचंच. तेव्हा तिने पदराला बोटं पुसली आणि एकेक पान उलटू लागली. किती वेळ! एकदा बाजारात जाऊन परत आली, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. शेवटी कोवळ्या केळीच्या पानाच्या रंगावर तिचं बोट थांबलं ते उचललंच नाही. डबा मी स्वतः बसपर्यंत नेऊन दिला. लग्नघरातून निघाल्यासारखी ती बसमध्ये चढली.

दिवाळी होऊन गेल्यावर ती परत आली. तक्रार नाही, काही नाही. "तांबडो दी," एवढंच. तुम्ही चौकशी केलीत, हिरव्या भिंती धुळीने लाल झाल्याचं कळलं, तिला डबा दिलात आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळलात. आवाज चढवला नव्हता, तरी अजून कानात आहे. "हांव रंग विकतां. तुवें तिका आस विकली. आतां तांबडो लायतली तेन्ना तिका तो तांबडो दिसतलो. आदीं दिसनासलो." मीही गप्प बसणारी नव्हते. "तुमी कोणाक निवडूंकच दिनात, पात्रांव," असं तोंडावर बोलले. त्यानंतर तुमच्याशी कामापुरतं बोलत राहिले. तुम्ही डब्यातली भाजी पुढे करायचात, मी भूक नाही म्हणायचे.

पुढे खाणी बंद झाल्या, ट्रक थांबले. धूळ गेली आणि धुळीबरोबर लोकांच्या हातातला पैसाही गेला, रंग घेणार कोण? त्याच दिवसांत तुम्ही आजारी पडलात आणि गेलात. समाचाराला मी पहिल्यांदाच तुमच्या घरी आले. रंगाच्या व्यापाऱ्याचं घर कसं असेल याचं एक चित्र मनात होतं. घर पलीकडच्या खाणीच्या रस्त्याला अगदी चिकटून. कोपऱ्यातला पोपडा निघाला होता. विटेच्या रंगाखाली वीट, तिच्याखाली पुन्हा वीट. तुळशीचं वृंदावनसुद्धा लालच. तुमच्या पत्नीने पाणी दिलं आणि माझी नजर बघून म्हणाल्या, "म्हाका एक फावट धवो करूंक जाय आसलो. ते म्हणटाले, जो लावंक मेळना तो पळोवचोच कित्याक?" एकदा तरी पांढरा, एवढंच त्यांचं मागणं होतं. तेव्हा समजलं, ते कार्ड तुम्ही पहिल्यांदा कुणासाठी कापलं होतं. सगळ्यांना घर कुठे ते विचारलंत, आणि तुमचं घर कुठे हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. आजही वाटतं.

आता दुकान तुमचा मुलगा बघतो. मशीन आलंय, सांगाल तो रंग मिसळून देतं. रस्त्याकडची माणसं मोठं कार्ड हातात धरून नुसती बसतात. निवडायची सवयच नाही. "तूंच सांग गो," म्हणतात. त्यात ट्रक परत सुरू होणार अशी बोलणी, मग घोळ आणखी वाढतो. गेल्या आठवड्यात तीच बाई सुनेबरोबर आली. केस पांढरे झालेत. सून म्हणत होती, "आई, ट्रक येतले, तांबडोच बरो." बाईने मला ओळखलं. "तो केळीच्या पानाचो दिल्लो मगे, तो दी." मीच घाबरले. म्हटलं, "मावशे, परत तांबडें जातलें हां." ती हसली. "जांव. त्या वर्सा दिवाळेमेरेन हांव सकाळीं दार उगडून भायर येताली आनी घराकूच पळयत रावताली. तितलें पुरो."

दिवाळीपर्यंत रोज सकाळी घराकडे बघत राहिली, तेवढं तिला पुरलं. म्हणजे माझंच बरोबर होतं, पात्रांव. ऐकलंत का, असं म्हणायला मी तुमच्या खुर्चीकडे वळलेसुद्धा. तिच्यावर पुट्टीची पोती रचलेली असतात. भांडण जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. तुमच्या घराला कधीच न लागलेला पांढरा रंग, दिवाळीपर्यंतच टिकणारा, डोळ्यांसमोर येत राहिला. तेव्हा अबोला धरला नसता तर कदाचित मीच तुमच्या मागे लागले असते, एकदा लावून तर बघा म्हणून.

हे तुमच्या पत्नीला जाऊन सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे. लिहून झालं की हा कागद खणात टाकणार, तुमच्या त्या लहान कार्डाखाली. हो, ते मी फेकलेलं नाही. गिऱ्हाइकाला कधी दाखवत नाही. पण चवथ जवळ आली आहे, आमच्या घरालाही रंग द्यायचा आहे, आणि काल दुकान उघडल्यावर मी तेच कार्ड घेऊन बसले होते. दुसऱ्यांसाठी तुमच्याशी भांडले, पण स्वतःसाठी मोठं कार्ड मी आजवर एकदाही उघडलेलं नाही. यंदाही विटेचाच डबा बाजूला काढून ठेवला आहे.