सुनेपुढं तोंड उघडणार नाही

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी.

नवीन वर्षाचा संकल्प काल करायचा राहिला, कारण काल धुळा दूधवाल्यावर चिडलो होतो. आज करतो. यंदा चिडायचं नाही. बीपी वाढतं. सुभेदार नाथाजीनं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. फौजेत आयुष्य काढलं ते उगाच नाही.

दुपारी.

घात झाला. रानात ऊसतोड चालू आहे. टोळीतले गडी कोयत्यानं ऊस सोलून खात होते. म्हटलं, काय बायकी चाललंय, ऊस दातानं सोलायचा असतो, बघा. पहिलं कांडं झकास निघालं. दुसऱ्याला वरचे पुढचे दोन्ही दात अर्ध्यातून कटकन गेले. ऊस निबर होता. हल्ली बेणंच धड मिळत नाही. एक गडी म्हणाला, "सुभेदार, आता कोयता देऊ का?" सगळे हसले. लय चिडलो. पण हे संकल्पात धरायचं नाही, कारण दात मोडल्यावर कुणीही चिडेल.

दात गेले त्याचं काही नाही. खरा प्रश्न २६ जानेवारीचा आहे. साताऱ्यात माजी सैनिकांचा मेळावा, आणि मुख्य भाषण माझं. विषय: शिस्त. पुढून फाटक उघडं टाकून शिस्तीवर बोलू? माईक सरळ हवालदार आकारामच्या हातात जाईल. तो कधीपासून टपून बसला आहे.

संध्याकाळी.

बनुबाई म्हणाली, "आवं, घरात दातांची डाक्टर असताना तोंड दाबून काय बसलायसा? क्रांतीला फोन लावा."

क्रांती म्हणजे आमची सून. सांगलीत दवाखाना. जयराज, आमचा चिरंजीव, तिच्या मागं-मागं. बाई हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण सासऱ्यानं सुनेपुढं तोंड वासून आडवं पडायचं? आमच्या घराण्यात असं झालेलं नाही. शिवाय गेल्या वर्षी तिनं दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्वतःची लॅब काढली. म्हणे दात तिथंच तयार होणार. मी तेव्हाच सांगितलं होतं, डॉक्टरनं दात काढावेत, बसवावेत. दातांचा कारखाना कशाला? ऐकलं नाही. मग मीही उद्घाटनाला गेलो नाही. आता कोणत्या तोंडानं जाऊ? तेही या तोंडानं?

बनुबाईला बजावलं, सांगलीला अवाक्षर कळता कामा नये. मान डोलावली तिनं. बायको शिस्तीतली आहे.

४ जानेवारी, शनिवार.

साताऱ्यात डॉ. वीरधवल म्हणून आहेत, त्यांच्याकडं गेलो. गुप्तता राखायची म्हणून काउंटरवर नाव सांगितलं: आकाराम. फोन नंबरही त्याचाच दिला. बातमी फुटलीच तर दात त्याचे पडलेत असं होईल. डोकं लागतं.

पण तिथला कारभार भिकार. मी कधीचा बसलोय, मागून आलेले आत जाऊन बाहेर आले, मला कुणी बोलवेना. काउंटरवरची पूजा नावाची मुलगी नुसती "आकाराम काका, आकाराम काका" ओरडत होती. शेवटी उठलो आणि तिला झापलं, की सुभेदाराला बोलवायची ही पद्धत आहे का. ती म्हणाली, काका, तुम्हालाच बोलावतेय मघापासून.

डॉक्टर मात्र सज्जन. मुळं शाबूत आहेत म्हणाले, आतली नस साफ करून वर दोन कॅप बसवू. विचारलं, कॅप इथंच करता का? नाही, लॅबला पाठवतो बाहेर. डबा एसटीनं जातो. हे मला आवडलं. ज्याचं काम त्यानं करावं.

८ जानेवारी, बुधवार.

नस झाली. दात घासून बारीक केले. गुलाबी लगदा तोंडात कोंबून माप घेतलं. वर प्लास्टिकचे तात्पुरते दात चिकटवले आणि म्हणाले, जपून बोला.

९ जानेवारी, गुरुवार. सकाळी.

धुळानं परत पाण्यासारखं दूध आणलं. दोन शब्द सुनावले. तिसऱ्या शब्दाला तात्पुरते दात सुटून त्याच्या किटलीत. धुळा म्हणतो, "सुभेदार, आता ह्यात पानी हाय का दात हाय, काय समजायचं आमी?" हलकट. किटली ओतून दात काढले, पण परत बसेनात. आता मफलर. जानेवारी आहे, कुणाला संशय येणार नाही.

१३ जानेवारी, सोमवार.

कॅप आल्या. बघून डोकंच फिरलं. एक तर रंग मळका. दुसरं म्हणजे एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला! नवीन वस्तू आणि वाकडी? डॉक्टर म्हणाले, लॅबनं मुद्दाम केलंय, चेहऱ्याला शोभेल असं. म्हटलं, लॅबवाल्यानं माझा चेहरा कुठं बघितलाय? डॉक्टरनी डबी उचलली. म्हणाले, बसवून तरी बघा. मी हात लावू दिला नाही. मला सरळ रांगेत पाहिजेत, आणि रंग परेडच्या हातमोज्यासारखा. पांढरा म्हणजे पांढरा. डबा परत पाठवला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

जयराज आणि क्रांती आले. मी दिवसभर मफलरमध्ये. थंडी वाजते म्हणालो. जयराज म्हणाला, आप्पा, उन्हात बसलाय तुम्ही. त्याला काय कळतंय.

क्रांतीनं सगळ्यांना कडक वडी दिली आणि मला वेगळ्या डबीतली मऊ. आणि म्हणाली, "मामा, तिळगूळ घ्या, गोड बोला." हे मला टोचून बोलणं होतं. मी मफलरमधूनच हूं केलं. मऊ वडी का दिली ते कळलं नाही. पाक बिघडला असणार. या शिकलेल्या मुलींना पाक जमत नाही. चव बरी होती. डबी संपवली.

जाताना म्हणाली, मामा, लॅब बघायला एकदा या. म्हटलं, बघू. म्हणजे नाही.

२० जानेवारी, सोमवार.

डबा नाही! लॅबनं पाठवला म्हणतात, इथं पोचला नाही. स्टँडवर जाऊन दोन खिडक्यांवर भांडलो. शेवटी समजलं, दात आटपाडीला गेले. मी जन्मात आटपाडीला गेलेलो नाही आणि माझे दात तिथं! कुणीतरी डबा चुकीच्या गाडीत टाकला. डॉक्टरना म्हटलं, हा काय पोरखेळ आहे? म्हणाले, "काय करणार सुभेदार, आपली स्वतःची लॅब असती तर मागच्या खोलीत जाऊन आणले असते." मी विषय बदलला.

भाषण आरशासमोर म्हणून बघितलं. "शिस्त" म्हणताना नुसती हवा जाते. बनुबाई स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून बसली होती. विचारलं, हसतेस? म्हणाली, धूर गेला. गॅसवर स्वयंपाक चालू होता.

२३ जानेवारी, गुरुवार.

फत्ते! दात आले आणि बसले. पांढरेशुभ्र, सरळ, सावधान! डॉक्टर म्हणाले, तात्पुरत्या सिमेंटवर चिकटवलेत, चार दिवस वापरून बघा, मग पक्के करू. कडक काही चावू नका. पूजाला हसून दाखवलं. ती दचकली. परिणाम होतोय.

बनुबाईनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दुसऱ्याच कुणाचं तरी घातल्यागत दिसत्यात." तिला सवय नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी.

लिहायची इच्छा नाही. पण शिस्त म्हणून लिहितो.

दुपारी रानात आकाराम आला. सहज आलो म्हणाला. हा माणूस जन्मात सहज कुठं गेलेला नाही. बांधावर उभा राहून म्हणतो, "नाथाजी, गड्या, साताऱ्यात एका दवाखान्यातनं मला फोन आला, की आकाराम काका, तुमचं दात कसं हायती? माझं तर सगळं शाबूत हायती. मग पडलं कुणाचं रं?" आणि हसला. म्हणाला, न्हाई जमत तर भाषण मी करतो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, दात बघायचेत? बघ! शेजारचा ऊस उपसला आणि कचकन चावा मारला. मग काय. दोन्ही कॅप उसात रुतल्या आणि मी मोकळा. आकाराम तोंडाकडं बघतच राहिला. त्या रागात मी ऊस भिरकावला. तो पडला भरलेल्या ट्रॉलीवर. ट्रॅक्टर तेवढ्यात निघाला. मी मागं पळालो, हात केले, ओरडलो. ड्रायव्हरला वाटलं मी टाटा करतोय. त्यानंही हात केला.

दात कारखान्यावर गेले.

घरी आलो तर बनुबाईनं जयराजला फोन लावूनच ठेवला होता. साताऱ्याचा डबा जाऊन यायला वेळ कुठला, परवा मेळावा आहे. म्हटलं, आकाराम करू दे भाषण. मी सांगलीला जाणार नाही. नाही म्हणजे नाही.

२५ जानेवारी, शनिवार. सांगली.

आलो. बनुबाईनं पहाटे कपडे काढून ठेवले होते, मी फक्त घातले.

क्रांतीनं हातमोजे चढवले. खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि म्हणाली, मामा, आ करा. डोळे मिटून आ केला. घराण्याचा इतिहास तिथं संपला.

मग ती बोलायला लागली. तोंडात तिचे दोन्ही हात, काय बोलणार मी? इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बोलली आणि मी ऐकून घेतलं. म्हणाली, डॉ. वीरधवल सगळं काम माझ्याच लॅबला पाठवतात. माप आलं, वर नाव आकाराम. पण खालच्या सुळ्याला खाच होती. माझ्या हळदीला सोड्याच्या बाटल्या दातानं उघडणारा माणूस मी एकच बघितलाय. आत्याबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, माझ्या तोंडनं काय वदवू नगंस, चिडत्यात, तुझं तू समज.

म्हणजे संक्रांतीची मऊ वडी! लय राग आला. तोंडात कापूस होता.

मग म्हणाली, "तुम्हाला लॅबचा राग का, हे कधी विचारायचं धाडस झालं नाही मामा. उद्घाटनाला तुमच्यासाठी कात्री ताटात ठेवून आम्ही दुपारपर्यंत थांबलो होतो. शेवटी फीत कापलीच नाही, नुसती सोडली."  मी आ करूनच होतो. डोळ्यांत पाणी आलं. त्या दिव्याचा उजेड फार तीव्र आहे, तिला सांगायला पाहिजे.

मागच्या खोलीतून भरतेश म्हणून दात घडवणारा आला, हातात डबी. त्यात तेच! मी परत पाठवलेले मळके, वाकडे. तिनं टाकले नव्हते. भरतेशनं मला खिडकीपाशी उन्हात नेलं, हनुवटी धरून इकडून तिकडून बघितलं, आत गेला, काहीतरी रंग लावून भट्टीत घालून आला. परत बघितलं. चावताना एक कड लागते म्हणालो, तर तिथल्या तिथं घासून दिली. ना डबा, ना एसटी, ना आटपाडी. मी मनात नोंद घेतली. जेवणाच्या वेळेला दात पक्के.

वाकडा का केला, विचारलंच. तिनं मला त्या खोलीत नेलं. भरतेशच्या टेबलासमोर जयराज-क्रांतीच्या लग्नातला फोटो चिकटवलेला. त्यात मी हसतोय. चांगला तोंड भरून. एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला. मी त्या दिवशी हसलो होतो हे मला आठवतच नव्हतं. क्रांती म्हणाली, तुमचा हसतानाचा हा एकच फोटो सापडला, त्यावरून केले. उद्याच्या भाषणाचा हसरा फोटो पाठवा. हा जुना झाला, नवा लावू.

म्हटलं, पाठवतो. सुभेदाराचा शब्द.

२६ जानेवारी, रविवार.

भाषण दणक्यात झालं. म्हणजे झालं असतं, पण पाहुणे उशिरा आले आणि मला आटपतं घ्यायला लावलं. शिस्तीच्या मेळाव्याला पाहुणे उशिरा! यावर फार चिडलो आणि जेवढा वेळ होता तो त्यावरच बोललो.

नंतर लोक भोवती जमले. वाटलं, भाषणाबद्दल. सगळे विचारतात, दात कुठं केले? अगदी जुनेच वाटतात. आकारामनं तर बायकोसाठी पत्ता मागितला. मी ठणकावून सांगितलं, आमच्या सूनबाईंची लॅब आहे, सांगलीला. दात दवाखान्यातच तयार झाले पाहिजेत हे पहिल्यापासून माझंच म्हणणं होतं. बनुबाई शेजारी उभी होती. तिला परत धूर गेला.

२७ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी.

मेळाव्याचे फोटो ग्रुपवर आले. एकूणएक बघितले. भाषणात तोंड वेडंवाकडं. सत्कारात मिटलेलं. ग्रुप फोटोत भुवया एकत्र, ओठ घट्ट, मफलरसुद्धा. एकाही फोटोत दात नाही. आकाराम मात्र प्रत्येकात बत्तिशी काढून. फोटोग्राफरला फोन करून झाडला. तो म्हणाला, काका, मी सारखं स्माईल म्हणत होतो, तुम्ही माझ्याकडं डोळे वटारून बघत होता.

सुभेदाराचा शब्द गेला. टेबलापुढं तो जुना फोटोच राहणार.

बनुबाईला सांगितलं, उद्या सांगलीला जातोय, क्रांतीनं चेकअपला बोलावलंय. हिनं लगेच फोन लावला, तोही स्पीकरवर, आणि पत्ता घ्यायला आलेला आकाराम समोर चहा पीत बसलेला. पलीकडून क्रांती म्हणाली, "नाही हो आत्याबाई, मी कुठं बोलावलंय? पण या म्हणावं. जेवायलाच या. आणि मामांना सांगा, येताना ऊस तेवढा आणू नका."

आकारामला ठसका लागला. मी एसटीचं वेळापत्रक काढलं. सकाळी पहिल्या एसटीनं निघायचं आहे. दाढी आत्ताच करून ठेवली.