कोचीला कुठली लेन्स न्यायची

५ जानेवारी, सोमवार

परात कोचीला न्यायची नाही. ठरलं!

गच्चीवरून ती लेन्स लावून समोरच्या सोसायटीचा टॉवर बघितला. सरळसोट इमारत – आणि परातीतून बघते तर पोटात कळ आल्यासारखी मधेच वाकलेली. रुंद लेन्स कडेला वाकवते हे मला माहीत आहे. एवढ्या हळदींचे फोटो काय झोपेत काढले? पण कडेला वाकवते, मधे नाही. म्हणजे लेन्स कोणीतरी पाडली. कोणी ते कळणार नाही. या घरात ग्लास फुटला तरी वाऱ्याने फुटतो.

प्राचीला लेन्सचे नंबर पाठ. मला नावं बरी. अख्खी खोली आत घेते ती रुंदवाली परात. लांबवाली दुधी – दिसायला दुधी, वजनालाही दुधी. आणि पन्नासची छोटी ती बुटकी. तिघी न्यायच्या तर खांदा जाईल. एक किंवा दोन. प्राची म्हणते, "आजी, सोलो ट्रिपला हलकं जायचं." नात माझी, पण तिकीट तिने काढून दिलं म्हणून आता मला शिकवते.

मिथुनचं पुन्हा तेच. "आये, या वयात एकटी कोचीला? येरी झालीस का?" शाळेची व्हॅन चालवतो. दिवसभर पोरांवर ओरडून उरलेलं माझ्यावर ओरडतो.

म्हटलं, स्टुडिओवर पाटी तुझ्या बापाच्या नावाची होती, काम माझं होतं. खरंच आहे ते. नवरीला न्हाऊ घालताना बायका पुरुषाला आत घेत नसत, म्हणून गोटीरामने कॅमेरा माझ्या हातात दिला. गोटीराम गेला, कॅमेरा राहिला. कोपरखैरण्यापासून उलव्यापर्यंतच्या नवऱ्या मी हळदीत पिवळ्या झालेल्या बघितल्या. सगळे फोटो दुसऱ्याच्या घरचे. आता कोचीची ती मोठी जाळी बघायची – खांबाला टांगलेली, दोरीने खाडीत सोडतात. आमच्या खाडीत जाळी होती, खाडीच बुजवली. बावीस तारखेची गाडी, पनवेलहून.

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ द्या ना त्यांना. चार दिवस घर शांत राहील." सुचिताचं हेच आवडतं मला. तोंडावर बोलते.

६ जानेवारी, मंगळवार

दुधी पण वाकवते!! दोन्ही एकदम कशा बिघडतील? बुटकी लावून बघायची हिंमत झाली नाही.

८ जानेवारी, गुरुवार

बुटकी पण.

टॉवरचे फोटो काढले आणि प्राचीला लॅपटॉपवर मोठे करायला सांगितले. "एकदम सरळ आहे आजी. हवं तर पट्टी लाव." पट्टी लावली. सरळ. परातीतला सरळ, दुधीतला सरळ, बुटकीतला सरळ. मग मी बघते तेव्हाच का वाकतो? हे तोंडाने विचारलं नाही.

लेन्स नाही, कॅमेऱ्यातच आहे काहीतरी. डोळा लावतो तिथला आरसा सरकला असेल. शनिवारी वाशीला दाखवते.

१० जानेवारी, शनिवार

दुरुस्तीवाल्या केयूरने कॅमेरा उघडला, झटकला, डोळ्याला लावला, रस्त्यावर रोखला. "सरळ दिसतंय आजी."

"मग तुझे डोळे बिघडलेत."

एरवी हसला असता. आज नाही हसला. "कुठल्या डोळ्याने बघता?"

"उजव्या. सगळं जग ज्याने बघतं त्या."

"एकदा दाखवून घ्या."

म्हटलं, तुला लेन्स पुसायला ठेवलाय, तोंड चालवायला नाही. कॅमेरा उचलला आणि निघाले. रिक्षात येताना एकेक विजेचा खांब बघितला. एकूण एक सरळ! पुलाचे कठडे सरळ, दुकानांच्या पाट्या सरळ. माझे डोळे ठणठणीत आहेत. केयूरला अक्कल नाही.



११ जानेवारी, रविवार

कॅमेरा कपाटात. आज काढला नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. ओट्यासमोर उभी राहिले, डावा डोळा तळहाताने झाकला आणि भिंतीवरच्या टाइल्स बघितल्या.

टाइल्सच्या रेघा मधोमध खचल्यात. जिथे नीट बघायला जावं नेमका तिथेच डाग – तेलाचं बोट काचेवर फिरवावं तसा. हात काढला, रेघा सरळ. झाकला, खचल्या. काढला, सरळ. किती वेळा केलं कोण जाणे.

आता कळलं. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याला पाठीवर घेऊन चालतो, आणि मला वाटतं दोघेही चालतायत. कॅमेऱ्यात एकच डोळा जातो. तिथे त्याला उचलायला कोणी नाही.

लेन्स चोर नव्हत्या. मी उगाच तिघींना शिव्या घातल्या.

सुचिता आली. "आई, टाइल्स मोजताय काय?"

"तू पुसल्यास का बघतेय."

तिला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सत्यभामाकडे तिळगूळ द्यायला गेले. गोटीरामची बहीण, माझी नणंद. एके काळी माझ्याहून जास्त जीभ चालायची तिची. डोळ्यापुढे धुकं येतंय म्हणायची, आणि पुढे – "लग्नसराई होऊ दे, मग दाखवू." आता आवाजावरून माणसं ओळखते.

लाडू माझ्या हातात ठेवायला गेली, तो मांडीवर पडला. मग चाचपत माझा हात धरला, नावाने हाक मारली. "कं गो पुतला, थंडीत एवरा घाम कशान?"

म्हटलं, जिने चढून आले. तिचं घर तळमजल्यावर आहे. पाणी न पिता निघाले. तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं – मला! गोटीरामचं मढं उठवतानाही ज्या बाईने डोळ्याला पदर लावला नाही तिला!

१६ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं. आधी कोची, मग डॉक्टर.

डॉक्टरकडे गेले की तो म्हणणार थांबा. मिथुनला तेवढंच पाहिजे. एकदा थांबवलं की ही माणसं पुन्हा सोडणार नाहीत. "आयेला नीट दिसत नाय" असं एकदा या घरात झालं की मग गॅस बंद, जिना बंद, कॅमेरा बंद, तोंड तेवढं चालू ठेवा. मग एक दिवस तेही बंद करा.

गच्चीत जाऊन डाव्या डोळ्याने कॅमेरा बघायची सवय करते आहे. बोंबच! नाक मागच्या काचेवर चेपतं, फोटोऐवजी नाकाचा ठसा. एकटा उजवा डोळा मिटता येत नाही, दोन्ही मिटतात. म्हणून उजवा हाताने झाकायचा – म्हणजे कॅमेरा धरायला एकच हात. एका हातात दुधी पेलत नाही. परातही जड. राहिली बुटकी. तिच्यात जवळ आणता येत नाही, आपणच चालत जवळ जायचं. जाईन. कोळ्यांनाच तर बघायचंय, वाघ नाहीत.

पिशवीत बुटकी ठेवली. दोन लुगडी, बाम, सुकट. प्राचीने पिशवी उचलून बघितली. "वा आजी, प्रो झालीस!"

भीती वाटते ती तिला कशी सांगू? स्टेशनवर पायरी चुकली तर? गाडी चुकली तर? मल्याळी पाट्या तर मला चार चांगल्या डोळ्यांनीही वाचता येणार नाहीत. ती एक काळजी मिटली.

१९ जानेवारी, सोमवार

डाग वाढलाय.

प्राची सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. मी डावा डोळा झाकला. तिचे केस दिसले, कानातलं दिसलं, फोन धरलेला हात दिसला. मधे तोंड नव्हतं. पोरगी बसलेली, आणि तोंडाच्या जागी राखाडी फडकं.

"काय बघतेस आजी? मी कधीची हसतेय तुझ्याकडे बघून."

हसत होती म्हणे.

मी नवऱ्यांची तोंडं बघून जगले. रडवेली कोण, रागावलेली कोण, मनातून खूश असून रडण्याचं सोंग करणारी कोण – लांबून ओळखायचे. आणि माझी नात हसली ते मला दिसलं नाही.

उद्या जाते डॉक्टरकडे. कोणाला सांगत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

घरी सांगितलं, प्रवासाला बिस्किटं आणते. गेले डोळ्यांच्या दवाखान्यात. एकटी.

डॉक्टरीणबाई चारुलता म्हणून. वयाने आमच्या प्राचीची थोरली बहीण शोभेल. हनुवटी फळीवर ठेवायला लावली, कपाळ पट्टीला. "आजी, हलू नका. इथे बघा. पापणी लववू नका." जन्मभर नवऱ्यांना मी हेच सांगत आले. किती अवघड असतं ते आज कळलं.

मग डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. डाव्याने बघितला. फोटो चांगला होता – कुठे हललेला नाही, उजेड नीट. आत तांदळाच्या भाकरीसारखे थर, एकावर एक, सपाट. आणि मधोमध एका जागी पापुद्रा फुगलेला. मी विचारायच्या आधीच मला कळलं.

"खाली पाणी साचलंय. कधीपासून वाकडं दिसतंय?"

"मी लेन्स तपासत होते."

तिने चिठ्ठी लिहायला घेतली. म्हणाली, उद्या इंजेक्शन. डोळ्यात.

"परवा मी कोचीला चाललेय."

"कोची कुठे पळतेय आजी? डोळा पळतोय."

बरी आहे बाई. माझ्या भाषेत बोलली. गेलं ते सगळं परत येईल असं कबूल केलं नाही. उरलंय ते धरून ठेवायचा प्रयत्न करू, म्हणाली. आधी का नाही आलात, हे म्हणाली नाही. ते मी वाटभर स्वतःलाच म्हणत आले. निघताना चौकटींचा एक कागद दिला, रोज एकेक डोळा झाकून बघायला. घरातल्यांनाही दाखवा म्हणाली, हे रक्तातून येऊ शकतं.

संध्याकाळी मिथुनला सांगितलं. आधी ओरडला. "लेन्सला शिव्या घालत बसलीस! तोंड नव्हतं सांगायला? एरवी तर –" मग वाक्य अर्धं टाकून जिन्यात जाऊन बसला. प्राचीने तिकीट रद्द केलं. माझ्यासमोर केलं, चोरून नाही.

बिस्किटं आणायची राहिली ते कोणी विचारलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

झालं. एवढी भीती बाळंतपणात वाटली नव्हती. तिथे निदान डोळे मिटता येतात! इथे पापण्यांना चिमटा लावून डोळा उघडा ठेवतात. दुखलं नाही, दाब आला, मग डोळ्यात काळे बुडबुडे पोहायला लागले. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, हात हलला तर बघ.

आत जाईपर्यंत हात सुचिताच्या हातात होता. "आई, माझी बोटं मोडताय."

"चार दिवस भांडी घासू नकोस मग."

पुढच्या महिन्यात पुन्हा इंजेक्शन. मधे कोचीला जायचं का, ते तपासून सांगणार. नाही म्हणाली नाही.

बुटकी पिशवीतच आहे. काढू नका म्हटलंय.

२४ जानेवारी, शनिवार

मला हसवायला मिथुनने चौकटींचा कागद घेतला आणि कॅमेरा धरल्याचं सोंग केलं – एक डोळा मिटला, मग दुसरा. मग सोंग थांबलं. कागद उलटा केला. खिडकीजवळ नेला.

"आये, हा कागद छापतानाच वाकडा आलाय काय?"

तोच म्हणाला, बघू सोमवारी, आत्ता शाळा सुटेल, पोरांना आणायचंय.

व्हॅनची चावी मी कमरेला खोचली. सुचिताला म्हटलं, शाळेत फोन कर, दुसरी गाडी पाठवा म्हणावं. त्याला म्हटलं, चप्पल घाल.