चौकीबाहेर

चि. पुष्पांजलीस आशीर्वाद.

रविवारी तुह्या आईच्या हट्टापायी जळगाव जामोदवरून सातपुड्यात गेलतो. मी वनरक्षक असताना लग्नानंतर ज्या चौकीत आम्ही संसार मांडला, ती तिले पुन्हा पाह्याची होती. पायवाटेनं चढताना ती माह्यापुढं होती, हसत होती.

चौकी रिकामीच होती. आत मी जरा टेकलो, तं ती एकदम भिंतीले चिकटून उभी राह्यली.

"तुम्ही कोण? माहे मालक गस्तीवर गेले, येतीनच आता. तुम्ही बाहेर व्हा."

"अन्नपूर्णा, मीच तं सहदेव!"

ती कोपऱ्यात सरकली. मले भिऊन. मी बाहेर आलो, तशी तिनं आतून कडी लावली. अंगणात अस्वलाची ताजी विष्ठा होती, तरी दारावर थाप माराची माही हिंमत झाली नाही.

उन्हं कलल्यावर तिनं दार उघडलं. "अहो, बाहेर काऊन बसले? चला ना घरी."

तिले काहीच आठवत नाही. तुले मी फोनवर "मजेत आहो" म्हटलं. हे पत्रही टाकणार नाही. वाचलं की तू धावत येशीन. अन् तिनं तुलेच नाही ओळखलं तं?

तुहे बाबा