आमच्या गटाची भांडी

६ जाने.
काल गटातल्या मंगलच्या पोरीचं लग्न उरकलं. धाराशिवातल्या मंडपवाल्यानं भांडी दिलीच नाहीत. म्हणला, "तुमच्या वस्तीतून परत येत न्हाईत." घराघरातून पातेली गोळा केली. कुठं भात कच्चा, कुठं करपलेला. मंगल व्याह्यांपुढं मान वर करंना.

८ जाने.
बचत गटाची बैठक. कर्ज मंजूर. शिलाई मशिनी घ्यायचं चाललं होतं. मी म्हणलं, लग्नाची भांडी घेऊ. आपल्यालाही होतील, भाड्यानंही जातील. मग शेजारची शमीमभाभी, "क्यूं नहीं? घेऊच!" झाल्या सह्या.
घरी हे तापले. "लोकाची उष्टी भांडी घासायला कर्ज काढताव व्हय?"
सासूबाई चुलीपाशी होत्या. "तुझं उष्टं ताट रोज कोण घासतंय रं? त्याचं तर भाडं बी न्हाय."
हे उठून बाहेर गेले. मला हसू आवरंना.

२१ जाने.
आली!! कढया, पराती, पातेली, ताटांच्या थप्प्या. टेंपो गल्लीत शिरंना, म्हणून डोक्यावर वाहिली. सगळी वस्ती दारात. मोठं पातेलं मी नि मंगलनं धरलं. मधेच ती रडली. मी बघितलंच नाही असं केलं.

४ फेब्रु.
पहिलं भाडं, येडशीचं लग्न. मी नि भाभी टेंपोत. आचाऱ्यानं कढई वाजवून बघितली. "बूड जाड हाय. लागायचं न्हाय काय." पंगती उठल्यावर घासायला बसणार, तेवढ्यात नवरीची आई स्वतः आली. "आधी जेवून घ्या, ताई." बायकांच्या पंगतीत नेऊन बसवलं, आग्रह करून वाढलं. भाभी कानात, "आज हम मालकीण हैं."
लई दिवसांनी असं जेवले.

२७ फेब्रु.
हप्ता भाड्यातूनच गेला. कुणाला घरात हात पसरावा लागला नाही. तेरखेडा, ईट, दोन्ही गावांतल्या लग्नांच्या तारखा आल्यात. सकाळी टेंपोवर दोर ह्यांनीच आवळला.

९ मार्च
नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या चौघी आल्या. "आमाला बी गटातून भांडीच घ्यायचीत. कुठनं घेतली, कसं केलं, सांगा की." मंगलनं मला आत ओढलं. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेती का?" खरंय तिचं. निम्मी लग्नं तिकडं जातील. बाहेर भाभीनं त्यांच्यासाठी चटई अंथरलेली, चहासुद्धा टाकलेला.
गटाला विचारून सांगते म्हणलं.
उद्या बैठक. मंगल नाही म्हणणार, भाभी हो. बाकीच्या माझ्या तोंडाकडं बघतील.