राहिलेलं लग्न

गंजाड, गुरुवार, ९ फेब्रुवारी २०१७

मुलीकडे सिंगापूरला फिरायला जायचं, म्हणून आज मंजुळा आणि मी डहाणूला व्हिसाच्या एजंटकडे गेलो. त्याने आमच्या लग्नाचा दाखला मागितला.

“लग्न राहिलंय,” मंजुळा म्हणाली आणि वर पंख्याकडे बघत बसली.

आम्हा वारल्यांत आधी संसार मांडतात, लग्न पुढे सवडीने लावतात. मुलीच्या मांडवात आपलंही उरकू, असं मीच म्हणायचो. मुलीने लग्न तिकडेच केलं.

एजंटने दोघांच्या नावापुढे ‘अविवाहित’ लिहिलं. मी सही केली. वाईट वाटायला हवं होतं का? काहीच वाटलं नाही. मंजुळा अजून पंख्याकडेच बघत होती. मग तिनेही केली.

परतताना जीप रिकामी होती. माझ्या शेजारची जागा सोडून ती समोरच्या बाकावर बसली.