एक कोटी एक

ती. मावशीला लांबूनच नमस्कार (जवळ यायला सध्या तोंड नाही).

तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? आणि काकांचा राग? तिन्हींची चौकशी एकदमच करतो, कारण तिसऱ्याची वेगळी करायची हिंमत नाही. मी इथे कारखान्याच्या खोलीवर सुखरूप आहे. म्हणजे पंखा फिरतो आणि त्याखाली पडून मी स्वतःला शिव्या घालतो.

मावशी, परवा मी माती खाल्ली गं. दादाच्या लेकीला बघायला सगळं गणगोत जमलेलं आणि काका तिचा आकडा जाहीर करणार होते. (जगात कुठल्या घरात माणसांना आकडे देतात? पण काका पडले गणिताचे मास्तर. ते दोन, तू तीन, दादा पाच, वहिनी सात. सगळ्या न फुटणाऱ्या मूळ संख्या, घरात आलात त्या क्रमाने. मी नोकरीपुरता आलो आणि मागच्या खोलीत ठाण मांडलं, म्हणून अकरा. उरलेला आकडा उरलेल्या माणसाला, असंच मी आजवर धरून चाललो.) काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. फळ्यावर टपोरं १,००,००,००१ लिहिलं. म्हणाले, डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, पोरगी तीच! दोन, तीन, पाच, सात, कुणालाही दाद देणार नाही. फक्त...

आणि तिथे माझी जीभ सुटली. मी कारखान्यातला तपासनीस. खोट दिसली की ओरडायचा मला पगार मिळतो. एकाआड एक अंक मिळवले, इकडे एक, तिकडे एक, फरक शून्य, आणि ओरडलो, "काका, अकराने भाग जातो! फुटला तुमचा आकडा!" सगळे खो खो हसले. वहिनीच्या वडिलांनी तर टाळी मागितली. (मी दिली. हात झडो माझा.) काकांनी डस्टर उचललं, फळा पुसला आणि चहा न घेताच आत गेले. मी बॅग भरून इथे पळून आलो. फार वाईट वाटतंय. त्यांनी मला कधी परकं मानलं नाही आणि मी चारचौघांत त्यांचं हसं केलं.

त्यांना सांग, माझं चुकलं. नको, सांगू नकोस, भडकतील.

तुझा,
अकरा

ता. क. मागच्या खोलीतली माझी गादी कुणाला देऊ नकोस.

आणखी एक ता. क. भागाकार पुरा केला. अकराने भागल्यावर नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव येतात. पेन्सिल झिजली, पण ते काही पुढे फुटेनात. म्हणजे अख्ख्या घरात त्या पोरीच्या आकड्यात बसतो तो एकटा माझाच. आणि अकराची ती कसोटी मला शिकवली कुणी? काकांनीच! त्यांना ठाऊक नसेल होय? मावशी, एवढंच कर. "फक्त"च्या पुढचं वाक्य त्यांना पूर्ण करायला सांग. मी येऊन दाराशी उभा राहीन. मध्ये बोलणार नाही.