दुर्बिणीच्या कड्या

बाबा, बाभुळगावचे गुरांचे डॉक्टर काल भुलीची सुई मारायची बंदूक घेऊन आपल्या दुकानात आले. यंदा भावाअभावी कापूस घरोघरी पडून आहे, फवारणीचे पंप दुरुस्तीला फारसे येत नाहीत, म्हणून मी काम घेतलं आणि लगेच घाबरलो. गावातल्या मोकाट गोऱ्ह्याच्या गळ्यात जुनं दावं रुतलं होतं. जखमेत अळ्या पडल्या होत्या, तरी तो कुणाला जवळ येऊ देत नव्हता. सुई मांडीच्या मांसातच बसायला हवी, पोटात गेली तर गोऱ्हा जायचा. त्यासाठी बंदुकीवर दुर्बीण बसवायची होती. ती बंदुकीला धरून ठेवणाऱ्या कड्यांच्या दोन जोड्या डॉक्टरांनी आणल्या होत्या, एक ठेंगणी, एक उंच.

मला तुमची ती फजिती आठवली. तुम्ही ओट्यावर बसला आहात, मांडीवर पाटलांची छऱ्याची बंदूक. माकडं हाकलायला त्यांना दुर्बीण हवी आहे. कड्या मिळाल्या नाहीत, म्हणून तुम्ही फवारणीच्या नळीचे क्लिप आवळता, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालता. पाटील बार उडवतात. दुर्बीण रबरावरून मागं सरकते आणि त्यांच्या भुवईवर आदळते.

"काबे, माकडं सोडून मलेच मारून राह्यला का?"

"माकडं तं पयाले ना, पाटील," तुम्ही म्हणता. आई चुलीपुढं पदर तोंडाशी धरून हसते. मग तुम्ही माझ्याकडे वळता. "तू कायले दात काढून राह्यला? धक्का खायाचा तं रबर नाही चालत. बंदुकीच्या पाठीवरच्या खाचेत लोखंड बसलं पाह्यजे. पहिले खाच पाह्य, मंग उंची."

काल मी तसंच केलं. दोन्ही जोड्या खाचेत नीट बसत होत्या. डॉक्टरांना उंच जोडी आवडली होती, पण त्यांनी नेम धरला की गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरून उचलला जाई आणि नेम डळमळे. ठेंगणी लावली, ती नळीला टेकत नाही ना हे पाहायला दुर्बीण आणि बंदुकीच्या नळीच्या मधून कागद सरकवला. सहज गेला. मग सगळे स्क्रू आळीपाळीनं, थोडेथोडे आवळत बसलो.

"अरे, गोऱ्हा म्हातारा होईन," डॉक्टर म्हणाले.

सरकीच्या पोत्यावर दोन बार मारून पाहिले, दुर्बीण तसूभर हलली नाही. नंतर नाल्याकाठी डॉक्टरांनी बार मारला, सुई मांडीत बसली, गोऱ्हा हळूच खाली बसला आणि त्यांनी दावं कापलं. आज तो पाटलांच्या दारची वैरण खातो आहे आणि कुणी हाकलत नाही. नेम कसा लागला ते लोक मलाच विचारतात, मी नुसती मान हलवतो. तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो, बाबा. बार झाला तेव्हा मी डोळे गच्च मिटून उभा होतो.